नाना गाडी बघताहेत

नाना सध्या काय करतात असं कुणी विचारलं, तर काकू हातातलं काम न थांबवता सांगतात, "बघताहेत." काय बघताहेत हे पुढे विचारायची वेळ आता कुणावर येत नाही. नाना बँकेतून निवृत्त झाले त्या वर्षापासून, म्हणजे २०१९ पासून, गाडी बघताहेत. दारातली सात सीटची जुनी एसयूव्ही काढायची आणि तिच्या जागी नवी आणायची, एवढाच विषय आहे. पैसे आहेत. लायसन्स आहे. मोतीबिंदू काढल्यामुळे नजर लख्ख आहे. पार्किंग आहे, त्याबद्दल पुढे येईलच. नाही ती फक्त गाडी.

नानांचं आडनाव सांगत नाही, कारण सांगून उपयोग नाही. असे नाना कोथरूडमध्ये आहेत, ठाण्यात आहेत, नाशिकच्या कॉलेज रोडला तर असतीलच असतील. गाडी घेणारा माणूस वेगळा आणि गाडी बघणारा वेगळा. घेणारा शनिवारी शोरूमला जातो, बायकोला रंग विचारतो, दसऱ्याला हार घालून गाडी दारात आणतो आणि हप्ते भरायला लागतो. त्याच्यावर लिहिण्यासारखं काही नसतं. बघणाऱ्याचं मात्र शास्त्र आहे. शेजाऱ्याची नवी गाडी आली की तो पेढा एका हातात धरून दुसऱ्या हातानं आधी दार उघडतो आणि लावतो. आवाज ऐकतो. 'ठप्प' आला तर मान डोलते. 'टण्' आला तर पेढा संपेपर्यंत माणूस गप्प. मग, "ऑन-रोड कितीला पडली?" आकडा कानावर आला की, तो कितीही असो, पुढचं वाक्य ठरलेलं. "थोडं थांबायला हवं होतंत."

नानांच्या थांबण्याला कधी कारण नव्हतं, असं कुणी म्हणू नये. आळशी माणूस थांबतो ते वेगळं. नाना अभ्यास करून थांबतात. २०१९ मध्ये त्यांनी पहिली टेस्ट ड्राइव्ह घेतली तेव्हा पुढच्या एप्रिलपासून बीएस-६ इंजिनं सक्तीची होणार होती. मग जाणारं इंजिन कशाला गळ्यात बांधून घ्या? थांबले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं, पण तेव्हा आख्खा देश घरात बसला होता. नवी गाडी घेऊन जायचं कुठे, बी विंगपासून सी विंगपर्यंत? थांबले. २०२१ मध्ये जगभर चिपांचा दुष्काळ पडला आणि शोरूमवाले महिन्यांऐवजी वर्षांच्या भाषेत बोलू लागले. एक्सयूव्ही ७००चं बुकिंग उघडलं त्या दिवशी पहिल्या पंचवीस हजार गाड्या ५७ मिनिटांत गेल्या. त्या ५७ मिनिटांतली बरीचशी नानांनी 'सनरूफवालं व्हेरियंट की बिनसनरूफचं' या चर्चेत काकूंबरोबर घालवली. काकूंचं म्हणणं इतकंच होतं, की पोळ्या गार होताहेत.

पुढच्या वर्षी स्कॉर्पिओ-एनला ते तयारीनं बसले. ३० जुलै २०२२. फोन चार्ज केलेला, चष्मा पुसलेला, कार्ड समोर, दाराला आतून कडी. पहिली पंचवीस हजार बुकिंगं मिनिटाभरात झाली आणि अर्ध्या तासाच्या आत आकडा लाखावर गेला. नाना तेव्हा रंगापाशी पोहोचले होते. दुपारी भेटले तर चेहरा उतरलेला. मला वाटलं गाडी हुकली म्हणून. तसं नव्हतं. "एक लाख माणसांनी अर्ध्या तासात निर्णय घेतला," ते म्हणाले. "या देशात विचार करणारं कुणी उरलंय की नाही?"

मग भारत एनकॅप आलं. ऑक्टोबर २०२३ पासून गाड्यांच्या आपटाआपटीची परीक्षा आपल्याकडेच होऊ लागली, आणि डिसेंबरात हॅरियर आणि सफारीला पहिले पाच तारे मिळाले. त्या हिवाळ्यात नानांशी बोलायचं म्हणजे ताऱ्यांशिवाय दुसरा विषय नाही. समोरून धडक ताशी ६४ किलोमीटरनं देतात, लहान मुलांचे गुण वेगळे मोजतात, डमीच्या छातीवर किती दाब आला ते रंगांत दाखवतात, सगळं तोंडपाठ. हे ऐकत आम्ही कर्वे रस्त्यावर ताशी अकरा किलोमीटरनं चाललेलो असायचो, आणि मागच्या सीटवर नाना स्वतः बेल्ट न लावता पुढे वाकून मला समजावत असायचे.

टेस्ट ड्राइव्हला ते मला नेतात. साक्षीदार लागतो म्हणतात. खरं तर तिसऱ्या रांगेत बसायला माणूस लागतो. नानांची एक कापडी पिशवी आहे. तिच्यात कोटेशनांची फाइल, सुताराची टेप, एक टॉर्च आणि पाठ टेकली की कंबर कुठे येते ते बघायला एक छोटी उशी. आणि पिशवीत मावत नाही म्हणून वेगळी हातात धरलेली एक रिकामी आंब्याची पेटी. खोटं सांगत नाही. कोकणातून येताना पेट्या आणायच्या असतात, तर डिकीत पेटी बसते की नाही हे पेटी ठेवूनच कळणार, लिटरचे आकडे वाचून नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यात ते बरोबर आहेत. तिसरी रांग उभी केली की बहुतेक सात सीटर गाड्यांच्या डिकीत जे उरतं त्याला डिकी म्हणणं धाडसाचं आहे. एका पेटीनंतर दुसरी ठेवायची म्हटलं तर सातव्या माणसाच्या मांडीवर. म्हणजे माणसं न्यायची की आंबे आणायचे, हे गाडी घेतानाच ठरवावं लागतं, आणि हे कुठल्याही जाहिरातीत सांगत नाहीत. जाहिरातीत सात माणसं हसत डोंगरावर जातात. त्यांच्यातल्या एकाकडेही बॅग नसते.

शोरूमवाल्यांचा टेस्ट ड्राइव्हचा रस्ता ठरलेला असतो. बाहेर पडा, डावीकडे, परत डावीकडे, परत डावीकडे, चहा. नानांना हे मान्य नाही. त्यांना कात्रजचा जुना घाट लागतो, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रडते का ते ऐकायला. नंतर सदाशिव पेठेतला एक बोळ लागतो, रिव्हर्सची परीक्षा घ्यायला. त्या बोळात एकदा आम्ही शिरलो तेव्हा गाडीच्या चारी बाजूंचे सेन्सर एकाच वेळी ओरडायला लागले आणि पडद्यावर सगळीकडे लाल दिसू लागलं. वाड्याच्या दारातून एक आजोबा बाहेर आले, त्यांनी गाडीकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं आणि न विचारता सांगितलं, "यात पूर्वी टांगा जायचा." एवढं बोलून आत गेले. आपल्या रस्त्यांना या नव्या यंत्रांचं कौतुक नाही. हायवेला लागल्यावर त्याच गाडीनं टुंग करून सूचना दिली, की तुम्ही लेन सोडली आहे. नाना दचकून म्हणाले, "सोडली कुठली? धरली कधी होती?"

तिसऱ्या रांगेबद्दल मात्र मला स्वतंत्र बोलायचं आहे, कारण तिथे मी बराच बसलो आहे. मधली सीट पुढे दुमडायची, एक पाय आत, डोकं खाली, दुसरा पाय आत, आणि मग जे काही उरलं असेल ते ओढून घ्यायचं. बसल्यावर गुडघे छातीशी येतात, कारण पायाखालची जमीन वर आलेली असते. खिडकी असते, पण ती कानाच्या रेषेत. पुढून नाना मोठ्यानं विचारतात, "कसं वाटतंय?" मी मागून "बरं आहे" म्हणतो, पण एसीच्या आवाजात ते पोहोचत नाही. सेल्समन पोरगा नम्रपणे म्हणतो, "सर, ती रो ऑकेजनल युजसाठी आहे." ऑकेजनल म्हणजे घरातले लोक. गाड्या बनवणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं, की ही रांग वर्षातून चार वेळा उघडणार आहे. तरीही माणूस तिच्यासाठी लाखभर रुपये जास्त मोजतो, आणि मोजताना खूश असतो.

हा मुद्दा काकूंनी एका संध्याकाळी काढला. नाना जेवणाच्या टेबलावर कोटेशनं पसरून बसले होते, काकू गवार निवडत होत्या आणि मी पेपर परत द्यायला गेलो होतो.

"सातच सीट का?" काकूंनी विचारलं.

"मग किती? आपण सात जण नाही का?"

"मोजा."

नानांनी बोटं उघडली. "आपण दोघं. चिरंजीव, सूनबाई, नातू. पाच झाले."

"ते बेंगळुरूला. येतात विमानानं, जातात विमानानं. एअरपोर्टला न्यायला गेलात तर तोच म्हणतो, बाबा, कॅब केली असती."

"मुलगी."

"तिची स्वतःची गाडी आहे. जावयांना तुमच्या शेजारी बसायचं म्हटलं की पोटात गोळा येतो."

नाना सहाव्या बोटावर थांबले. मग सातवं उघडत म्हणाले, "आणि आई."

काकूंनी गवारीची एक शेंग मोडली. "आईंना जाऊन नऊ वर्षं झाली हो."

"हो," नाना म्हणाले. "मोजायची सवय आहे." आणि कोटेशन उलटं करून त्याच्या मागच्या बाजूला हप्त्यांचा हिशेब करायला लागले. पुढच्या रविवारी आम्ही बघायला गेलो ती गाडीही सात सीटचीच होती. मी काही बोललो नाही. जुनी गाडी २०१० च्या दसऱ्याला आली तेव्हा तिच्यात खरोखरच सात माणसं भरून गणपतीला गावी जायची. कुंभार्ली घाटात कुणीतरी ओकायचं, पाटणला चहा व्हायचा, आईंचा डबा तिसऱ्या रांगेतून पुढे पुढे सरकत यायचा. एवढी माणसं भरलेली गाडी चालवलेल्या माणसाला पाच सीटची गाडी दाखवणं अवघड असतं.

इंजिनाच्या निवडीत तर नानांनी सगळा देश ढवळून काढला. डिझेल घ्यावं, तर नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो आणि तो साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग वेगात पळवावी लागते. नानांची धाव मंडई आणि बँक. सेल्समननं सांगितलं, "महिन्यातून एकदोनदा हायवेला फिरवून आणा." नाना म्हणाले, म्हणजे मला डॉक्टरनं चालायला सांगितलंय, तसंच तिलाही. पेट्रोल घ्यावं, तर त्यात आता २० टक्के इथेनॉल. अॅव्हरेजची चिंता त्यांनी सांगलीच्या मेव्हण्यापुढे बोलून दाखवली. मेव्हण्याचा ऊस आहे. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दाजी, ऊस आमचा जातोय, टाकी तुमची भरतीय. तक्रार कुणी कुणाकडं करायची?" इलेक्ट्रिक गाड्यांवर महाराष्ट्रात रस्ता कर नाही, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलही माफ केला, हे नानांना पटतं, पण गणपतीच्या गर्दीत चिपळूणला चार्जरपाशी आपला नंबर कितवा लागेल याचा तक्ता त्यांनी केला आहे. तक्त्यात सगळ्यात आशावादी रकान्यात आरती चुकते.

आणि मग गेल्या वर्षीचा जीएसटी. माझ्या मते नानांच्या आयुष्यातला हा सर्वांत सुखाचा महिना होता. स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात कर कमी होणार असं जाहीर झालं आणि देशभरातले गाडी घेणारे एका क्षणात गाडी बघणारे झाले. शोरूम ओस. त्यातच ८ सप्टेंबरला पितृपक्ष लागला, म्हणजे उरलेसुरलेही गेले. नाना मात्र रोज जाऊन बसत. "आता कळलं सगळ्यांना," ते म्हणायचे, "मी सहा वर्षं काय सांगत होतो ते." मोठ्या एसयूव्हीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के उपकर असे मिळून ५० टक्के लागायचे, २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्याच दिवसापासून, उपकर जाऊन सरळ ४० झाले. चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाड्या २८ वरून १८ वर आल्या. हे चार मीटरचं प्रकरण नाना टेप लावून समजावतात. छोट्या एसयूव्ही मोजा, नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, सगळ्यांची लांबी ३,९९५ मिलिमीटर. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची ही रेषा पडली तेव्हापासून कंपन्या तिच्या अलीकडे पाच मिलिमीटर सोडून उभ्या आहेत. "बंपर कुणी काढलाय माहितीये?" नाना विचारतात. "डिझायनरनं नाही. अर्थमंत्र्यांनी."

घटस्थापनेला किमती उतरल्या. आता घेतील, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. चौथ्या माळेला मी विचारलं. नाना म्हणाले, "एवढ्या उतरल्या म्हणजे आधी किती लुटत होते बघा. अजून उतरतील."

दरम्यान पार्किंग. नानांची जागा दोन खांबांच्या मध्ये आहे आणि नव्या गाड्या दर पिढीला रुंद होत चालल्या आहेत. कागदावरचे आकडे बघून त्यांचं समाधान होईना, म्हणून एका सकाळी जुनी गाडी बाहेर काढून त्यांनी फरशीवर खडूनं नव्या गाड्या आखल्या. पूर्ण मापाच्या. एक्सयूव्ही ७०० पांढऱ्यानं, १,८९० मिलिमीटर. स्कॉर्पिओ-एन पिवळ्यानं, १,९१७. सफारी निळ्यानं, १,९२२. पिवळ्या आणि निळ्यातला फरक पाच मिलिमीटरचा, आणि खडूची रेघच तेवढी जाड; त्यामुळे तिथे एक हिरवट पट्टा तयार झाला. "यात आरसे धरलेले नाहीत," नानांनी जमलेल्यांना बजावलं. मग स्वतः त्या आखलेल्या सफारीत उभे राहिले, न दिसणारं दार उघडलं आणि पोट आत घेऊन खांबाच्या कडेनं बाहेर पडून दाखवलं. वॉचमननं टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी सोसायटीतली पोरं त्या चौकटींत लंगडी खेळत होती, आणि सी विंगमधली एक मुलगी आउट झाल्यावर भांडत होती, की तिचा पाय स्कॉर्पिओत होता, सफारीत नव्हताच.

जुनी गाडी काढायची तर तिची किंमत करून घ्यायला हवी. म्हणून एक्स्चेंजवाल्यांचा माणूस आला. माणूस म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, एका हातात टॅब, दुसऱ्या हातात साबणाच्या वडीएवढं यंत्र. ते पत्र्याला टेकवलं की रंगाचा थर किती जाड आहे ते कळतं. कारखान्यातला रंग एका जाडीचा, गॅरेजमधला वेगळा. पोरगा गाडीभोवती फिरू लागला. टेकव, टिक, लिही. टेकव, टिक, लिही. मागच्या डाव्या दारापाशी तो थांबला.

"काका, हे रिपेंट आहे."

"हो. २०१३. चिपळूणला म्हैस."

बॉनेटपाशी परत टिक. "हे पण."

"तो नारळ पडला होता. देवळापुढच्या झाडाचा."

उजव्या मडगार्डला यंत्रानं बराच वेळ घेतला. नाना काकूंकडे बघायला लागले. "ते मी," काकू म्हणाल्या. "शिकताना." एवढ्या वर्षांत ही गोष्ट पहिल्यांदाच बाहेर येत होती, नाना आजवर ते खापर एका रिक्षावाल्यावर फोडत होते आणि त्या रिक्षावाल्याचं वर्णनही करायचे. पोरानं सीटखाली हात घातला, स्टेपनी बघितली, इंजिन चालू करून ऑइलचं झाकण उघडलं आणि धूर बघितला. शेवटी टॅबवर आकडा दाखवला. दीड लाख. नानांच्या मनात तीन होते.

"गाडी चांगली ठेवलीय काका," पोरगा म्हणाला, "पण मार्केट नाही."

"कंडिशन बघ ना बाळा."

"कंडिशनला कोण विचारतं काका. वय बघतात."

नाना ताठ झाले. मला वाटतं त्यांनी ते गाडीबद्दल ऐकलंच नाही. त्यांनी पोराला चहा पाजला, किल्ली खिशात टाकली आणि व्यवहार तिथेच मिटला. दीड लाख की तीन, हा प्रश्नच नंतर उरला नाही. आकडा अपमानाचा होता, आणि अपमानाला एक्स्चेंज बोनस लागू होत नाही.

तोवर जुन्या गाडीला पंधरा वर्षं भरत आली. आता नाना कात्रीत सापडले, असं सगळे म्हणू लागले. एक तर गाडी काढा, नाही तर नोंदणीचं नूतनीकरण करा: फिटनेस तपासणी, पाच हजार फी, पर्यावरण कर, आणि नव्या सुरक्षित नंबरप्लेटाही. या प्लेटांची मुदत सरकारनं गेल्या वर्षी इतक्या वेळा वाढवली, की नानांना सरकारबद्दल प्रथमच आपलेपणा वाटू लागला. शेवटी त्यांनी प्लेटा बसवल्या, गाडी धुतली, टायर बदलले, सीटकव्हरं नवी घातली आणि आरटीओत तपासणीला नेली. गाडी पास झाली. नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी, २०३० पर्यंत वाढून मिळाली. त्या दिवशी नानांनी सोसायटीत पेढे वाटले. पेढा हातात देताना ते प्रत्येकाला सांगत होते, "आता घाई नाही. आता नीट बघता येईल."

आणि बघणं थांबलं नाहीच. नोव्हेंबरात सिएरा परत आली. १९९१ मध्ये पहिल्यांदा आलेली सिएरा नानांनी तरुणपणी लक्ष्मी रस्त्यावर एकदा पाहिली होती आणि तिच्या मागच्या वळणदार काचेचं वर्णन ते आजही दोन्ही हातांनी करतात. "बघितलंत?" ते मला म्हणाले. "चौतीस वर्षं थांबलं की येते परत." आता त्यांचं लक्ष सुमोकडे लागलंय. १९९४ मध्ये आलेली सुमो, सुमंत मूळगावकरांच्या नावातली पहिली अक्षरं घेऊन केलेली, २०१९ मध्ये बंद झाली. नानांच्या हिशेबानं ती अजून पुरेशी थांबलेली नाही.

एक गोष्ट मात्र नानांच्या बाजूनं नमूद करायला हवी. त्यांच्या सल्ल्यानं आमच्या सोसायटीत आणि शेजारच्या दोन सोसायट्यांत बऱ्याच गाड्या आल्या. कुणाला कुठलं व्हेरियंट, कुठली अॅक्सेसरी नको म्हणायची, हँडलिंग चार्जेस कसे काढून टाकायला लावायचे, विमा बाहेरून काढला तर किती वाचतात, एक टक्का टीसीएस विवरणपत्रात कसा परत मिळवायचा, सगळं नाना सांगतात आणि फुकट सांगतात. २०१९ मध्ये ज्या पोरानं त्यांना पहिली टेस्ट ड्राइव्ह दिली, त्याला तेव्हा टायची गाठ नीट मारता येत नव्हती. नानांनी पाठवलेल्या गिऱ्हाइकांच्या जोरावर तो टीम लीडर झाला, मग मॅनेजर झाला. शोरूममध्ये नाना गेले की त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा न सांगता येतो.

डिसेंबरात त्या पोराचं लग्न झालं. पत्रिका घेऊन तो स्वतः घरी आला, वाकून नमस्कार केला. आम्ही सगळे गेलो, अर्थात जुन्याच गाडीतून, नव्या प्लेटा लावून. सिंहगड रस्त्यावरचं कार्यालय, स्टेजपुढे आहेर द्यायला रांग. नाना स्टेजवर चढले, नवऱ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला वाटलं आशीर्वाद देताहेत. मी मागेच होतो म्हणून ऐकू आलं.

"डिसेंबरचा डिस्काउंट किती चाललाय रे?"

मुंडावळ्या बाजूला करत मुलगा मनापासून म्हणाला, "काका, तुम्हाला खोटं नाही सांगणार. आत्ता नका घेऊ. आत्ता घेतली तर महिन्याभरात कागदावर एक वर्ष जुनी होईल. जानेवारीत नवं मॉडेल येतंय. थोडं थांबा."

नानांचा चेहरा असा उजळला, की फोटोग्राफरनं तेवढ्यात दोन फोटो काढले. मागे रांग खोळंबली होती. नाना नवऱ्या मुलाला नव्या मॉडेलचा व्हीलबेस विचारायला लागले, तेव्हा काकू पुढे झाल्या, पाकीट नवरीच्या हातात दिलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बरं केलंस हो. फार बघत बसली नाहीस."